मधली खुर्ची

नवा ॲम्प्लिफायर घरात येऊन आठवडा होत आला, आणि त्या आठवड्यात स्टेफानियाने नवऱ्याच्या तोंडून एक धड वाक्य ऐकलं नव्हतं. ओरेस्ट सकाळी कॉफीचा कप घेऊन तळघरात उतरायचा तो जेवायला हाक मारल्यावरच वर यायचा. जेवताना गप्प. काही विचारलं तर "अजून ऐकतोय," की संपलं. एरवी हा माणूस टोमॅटोच्या रोपांवरसुद्धा तासभर बोलेल!

उद्या सोमवार. दुकानदाराने घरी ऐकून बघायला आठवडाच दिला होता. उद्या एक तर पैसे मोजायचे, नाहीतर डबा परत न्यायचा. किंमत ओरेस्टने एकदाच सांगितली होती, तीही पाठमोरा उभा राहून, नळ चालू ठेवून. तिने नळ बंद केला आणि पुन्हा सांगायला लावली. त्या पैशात घर तापवायची नवी भट्टी आली असती, आणि विनिपेगच्या कडाक्याच्या थंडीत भट्टी म्हणजे काही चैन नव्हे.

म्हणून आज ईस्टरनंतरच्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या हाव्रिलुक घराण्यात मोठी खरेदी एकट्याने होत नसे. ही ओरेस्टच्या वडिलांची, म्हाताऱ्या पेट्रोची रीत. टेबलावर वाडगा ठेवायचा आणि प्रत्येकाच्या हातात घेवड्याचे दोन दाणे, एक पांढरा, एक काळा. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. घर असंच घेतलं, गाडी अशीच घेतली. वाडग्याला न विचारता या घरात एकच वस्तू आली होती, ओरेस्टचा पहिला ॲम्प्लिफायर. रेल्वेच्या वर्कशॉपमधले पहिले पगार साठवून त्याने तो आणला, आणि बटाटे काढायचे दिवस येईपर्यंत बाप लेकाशी बोलला नव्हता.

"आई, तू बोलणार आहेस का मी बोलू?" रोक्साने विचारलं. मुलगी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली होती आणि पिरोग्यांवर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांवर, परतलेला कांदा असा आपटत होती की जणू कांद्यानेच काही गुन्हा केलाय.

"काय बोलायचंय?"

"हेच, की बिघाड डब्यात नाहीये, बाबांच्या कानात आहे. थंडी सुरू झाल्यापासून त्यांचं एकच चाललंय. गाणं विटलं, मधला आवाज गेला. या वयात आवाज जात नाहीत आई, कान जातात. आमच्या वॉर्डात रोज बघते मी. नाचता येईना अंगण वाकडं, तसं हे ऐकू येईना नि डबा वाकडा."

"अगं, हळू बोल."

"हळू बोलले तर त्यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोलले तर तू रागावतेस! करू तरी काय?"

 स्टेफानिया आंबट साईचं भांडं शोधत राहिली, जे समोरच होतं. रोक्सा नर्स होती आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं, हीच तर पंचाईत. स्टेफानियाला पैशांची काळजी होती, नाही असं नाही. पण भट्टी आणखी एक हिवाळा ढकलेल. तिला आतून खात होतं ते दुसरंच. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ओरेस्टने चर्चच्या गायकवृंदाची ती जुनी रेकॉर्ड लावली होती आणि जिन्यात उभ्या असलेल्या तिला म्हणाला होता, "स्टेफा, तू गेलीस गं यातून."

ती रेकॉर्ड म्हणजे या घराच्या देवघरातली वस्तू म्हणायला हरकत नाही. चर्चच्या हॉलमध्ये कापणीची गाणी भरली होती, आणि शेवटच्या गाण्यात सगळे गप्प होतात तिथे एकटी स्टेफानिया गाते. दोन मायक्रोफोनांच्या बरोबर मधोमध उभी होती ती, आईचा शिवलेला ब्लाऊज घालून, पाय थरथरत. मायक्रोफोनच्या वायरी ओढायला रेल्वेतला एक लांब हातापायांचा पोरगा आला होता. तोच ओरेस्ट, वायरीत अडकून पडला तो कायमचाच. तो पहिला ॲम्प्लिफायर त्याने आणला होता तो हे एक गाणं नीट ऐकता यावं म्हणून. म्हाताऱ्या पेट्रोला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने अबोला निदान बटाट्यांपर्यंत ताणला नसता.

आणि आता त्यालाच ती त्यात ऐकू येत नव्हती. त्याचे कान गेले असतील तर जाऊ देत, म्हातारपण कुणाला चुकलंय. पण सर्वांत आधी तिचाच आवाज जावा?

जेवायला बसल्यावर ओल्हाने विषयाला हात घातला. ओरेस्टची थोरली बहीण, चाळीस वर्षं गायकवृंदाची मुख्य. अजूनही तिने काटा उचलला की माणसं आपोआप ताठ बसत.

"तर काय, उद्या सोन्याचा डबा विकत घ्यायचा म्हणे."

"सोन्याचा नाही ताई. ॲल्युमिनियमचा आहे."

"मग तर कमालच झाली! आपल्या वडिलांनी एका रेडिओवर जन्म काढला. भोंगा एकच होता त्याला. पण बातमी कळायची, प्रार्थना कळायची."

"आत्या, तसं नसतं ते," नेस्टर मध्ये पडला. धाकटा मुलगा बापाच्या बाजूने होता, आणि कधी नव्हे ते एवढा बाजूने होता की स्टेफानियाला कौतुकच वाटलं. "जुन्या डब्यातले भाग सुकतात. पन्नास वर्षं होत आली त्याला. माणूस निवृत्त होतो, डब्याने का होऊ नये? बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त केली, आता स्वतःसाठी एक वस्तू घेतली तर बिघडलं कुठे?"

"तू देणार आहेस का पैसे?" रोक्साने विचारलं.

"थंडीच्या तोंडावर मी गालिचा घालून दिला ना तळघरात! एकट्याने. तेव्हा तू कुठे होतीस?"

"गालिचा आणि हे एक झालं का?"

"पोरांनो," ओल्हा म्हणाली, "पिरोगी गार होतायत. गार पिरोगीवर भांडण करू नये, दोन्ही पचत नाहीत."

ओरेस्ट मात्र बीट घातलेली तिखट चटणी अंड्यावर पसरत बसला होता. मग हळूच म्हणाला, "मी ठरवलंच नाहीये अजून. मला कळत नाहीये. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आठ कान दोन कानांपेक्षा बरे."

रोक्साने आईकडे पाहिलं. बघ, कबूलच करतायत, असं त्या बघण्यात होतं.

"चादर लावून ऐकू," ओरेस्ट पुढे म्हणाला. "शेल्फापुढे चादर. चादरीमागे एक जण बसेल, जुना की नवा ते तोच ठरवेल. आपण फक्त ऐकायचं. डोळ्यांनी डबा दिसला की कान लबाडी करतात. आवाज दोन्हींचा नेस्टरने मोजून सारखा करून ठेवलाय, नाहीतर मोठा वाजतो तोच सगळ्यांना गोड लागतो. आणि बोलायचं नाही. तीन फेऱ्या, आणि दर फेरीला घेवडा टाकायचा. पहिल्यांदा वाजलेलं चांगलं तर पांढरा, दुसऱ्यांदा वाजलेलं चांगलं तर काळा."

"आणि ओळखताच आलं नाही तर?" रोक्साने अगदी गोड आवाजात विचारलं.

"तर टाकायचा नाही."

"छान. म्हणजे कुणाला किती ऐकू येतं तेही आपोआप कळेल."

ही मुलगी प्रेमानेच बोलते, पण तिच्या प्रेमाला सुईचं टोक आहे, असं स्टेफानियाच्या मनात आलं. ओरेस्टने बशीतून मान वर काढली नाही. त्याला ते ऐकू गेलं होतं की नाही, हे तिला सांगता येईना. आणि ती चटकन म्हणाली, "चादरीमागे मी बसते."

तळघरात उतरताच ओरेस्टने नेहमीप्रमाणे कोपऱ्यातला पाणी उपसायचा पंप बंद केला. बाहेर बर्फ वितळत होता, नदी चढली होती, आणि एप्रिलमध्ये पंप बंद करणारा माणूस या गावात वेडाच समजला जाईल. पण पंप घरघरतो आणि ओरेस्टला घरघर चालत नाही.

"बाबा, माझा गालिचा!" नेस्टर कळवळला.

"अर्ध्या तासात काही बुडत नाही तुझा गालिचा."

मधली खुर्ची ओरेस्टची. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर ठेवलेली, जमिनीला जणू खिळलेली. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. मुलं लहानपणी तिला सिंहासन म्हणायची. बाकीचे तिघे बाजूच्या कोचावर दाटीवाटीने बसले, प्रत्येकाच्या मुठीत पांढरे-काळे घेवडे. वाडगा ओल्हाच्या मांडीवर.

स्टेफानिया चादरीमागे स्टुलावर बसली. समोर शेल्फावर दोन डबे, लाकडी कडांचा जुना आणि चकचकीत नवा. दोन्ही चालू, दोन्हींचे दिवे लागलेले. मध्ये दुकानदाराने दिलेली अदलाबदलीची पेटी, तिला एकच बटण. इकडे केलं की जुना, तिकडे केलं की नवा. बटण खट्‌ वाजायचं, बाहेरपर्यंत ऐकू येईल इतकं. तिने रेकॉर्डवर सुई ठेवली. तेच कापणीचं गाणं.

आणि तिचा हात बटणावरच थांबला.

समजा, खरोखर फरक असला. समजा, रोक्साला तो ऐकू आला, नेस्टरला आला, ओल्हाताईला आला, आणि ओरेस्टचा घेवडा मुठीतच राहिला. सगळ्यांच्या देखत. मग त्याला कुणी काही म्हणणार नाही, फक्त सगळे त्याच्याशी जरा मोठ्याने बोलायला लागतील. नको रे देवा. बटण आहे तिथेच राहिलं तर कुणाचा कान कुणापेक्षा उणा ठरणारच नाही. तिने बटण तिकडे केलं, लगेच परत इकडे. खट्‌, खट्‌. जुना तो जुनाच.

गाणं एकदा वाजलं. खट्‌ खट्‌. दुसऱ्यांदा वाजलं. चादरीपलीकडून वाडग्यात दाणे पडल्याचा आवाज आला. असं तिने तीनदा केलं. बाकी वेळ काय करायचं म्हणून ती स्पीकरांच्या पाठी बघत बसली. तिकडून त्यांचं तोंड दिसायचं, इकडून नुसत्या पाठी, वायरी, धूळ. एका वायरीवर तिचं लाल नेलपॉलिश होतं, लग्नाच्या वेळचं; गोंधळ होऊ नये म्हणून ओरेस्टने प्रत्येक जोडीतल्या एका वायरीला ते लावून ठेवलं होतं आणि बाटली संपवली म्हणून ती त्याच्यावर चिडली होती. अजून टिकलं होतं बाई. हल्लीची दोन दिवसांत उडतात.

"झालं!" ओल्हाने वाडगा खडखडवला. "आता बोलायला परवानगी आहे ना? मला तर पहिल्या फेरीतच कळलं. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा गायकवृंदातल्या माझ्या मुली माझ्या जवळ आल्या. अगदी हाताच्या अंतरावर. मला नव्हतं घ्यायचं हे काही, पण खोटं कशाला बोलू?"

"आणि खालचे सूर!" नेस्टर म्हणाला. "दुसऱ्या फेरीत पोटात जाणवले मला. तो नवाच होता. पैजेवर सांगतो."

रोक्सा नाइलाजाने म्हणाली, "हो, आहे फरक. तिसऱ्या वेळेला आवाज मोकळा झाला, काच पुसल्यासारखा. मी घ्या म्हणत नाहीये हं. पण आहे."

मग सगळ्यांनी मधल्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाबा? तुमचा?"

ओरेस्टने मूठ उघडली. घेवडे सगळे हातातच होते. "मला सारखंच वाटलं. तिन्ही वेळा."

"एकदाही फरक नाही?"

"नाही."

"बाबा," रोक्सा त्याच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. आवाजातलं टोक गेलं होतं, आणि ते जास्तच वाईट होतं. "माझ्या ओळखीची एक डॉक्टर आहे. नुसतं तपासून येऊ. मी येते बरोबर. त्यात लाजायचं काही नाही."

ओरेस्टने हातातल्या घेवड्यांकडे पाहिलं. "येऊ," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर येऊ."

स्टेफानियाला ते ऐकवेना. तिने चादर अशी ओढली की एका कोपऱ्याची पिनच उडाली.

"कुठे जायचं नाहीये त्याला! तुम्हीच जा तिघं, रांगेत बसा. मी एकदाही बदललं नाही. सगळा वेळ जुनाच वाजत होता. बघा, बटण बघा!"

तिघांच्याही माना बटणाकडे वळल्या.

"पण... पोटात..." नेस्टर म्हणाला.

"पोटात पिरोगी होत्या तुझ्या!" ओल्हा म्हणाली, आणि मग तिला स्वतःच्या मुली हाताच्या अंतरावर आल्याचं आठवलं असावं, कारण ती एकदम वाडग्यातले दाणे निवडायला लागली. रोक्सा आधी लाल झाली, मग हसत सुटली. हसता हसता तिने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "आई, तू लबाड आहेस. एक नंबरची."

ओरेस्ट हसला नाही. तो बायकोकडे बघत होता. "तू का नाही बदललंस?"

"असंच."

"स्टेफा."

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "तुला ऐकू येईनासं झालं असेल म्हणून. मग यांच्यापुढे ते कशाला."

तो उठला, तिच्यापाशी आला, आणि सगळ्यांसमोर तिचा हात धरला. या घरात असलं काही फारसं होत नसे. "मलाही तेच वाटत होतं," तो म्हणाला. "आठवडाभर. नव्यात फरक आहे गं, नाही असं नाही. सूपमध्ये शेपू चिमूटभर जास्त पडला तर कळतो, तेवढा. पण मला जे हवं होतं ते त्यातही नव्हतं. तू मध्ये उभी असायचीस. आता सगळीकडे थोडी थोडी आहेस, आणि कुठेच नाहीस. डबा बदलूनही तसंच. मग मी म्हटलं, राहिले आपले कानच."

 असलं काही बोलणं निघालं की स्टेफानिया घरातलं काहीतरी बोलायची. म्हणून ती म्हणाली, "ते नेलपॉलिश बाकी अजून छान टिकलंय हं. पण एका स्पीकरला ते लाल भोकात आहे आणि एकाला काळ्या. तसंच असतं का?"

ओरेस्टचा चेहरा हळूहळू बदलला. तो तिचा हात सोडून, पाठदुखी विसरून, उजव्या स्पीकरमागे चक्क रांगत गेला. तिथून आधी एक हुंकार आला. मग, "नेस्टर!"

"काय?"

"गालिचा घातलास तेव्हा स्पीकर कुणी हलवले?"

"मीच. पण होतं तसंच लावलं परत! अगदी... जवळजवळ..."

"धन्य आहेस! जवळजवळ!" स्पीकरमागून आवाज गरजला, पण त्यात राग कमी आणि आनंद जास्त होता. "एका स्पीकरची वायर उलटी लावलीस! दोन माणसं करवत चालवतायत आणि दोघंही एकदमच ओढतायत. लाकूड कसं कापलं जाणार? मधलं सगळं खाऊन टाकतात हे स्पीकर एकमेकांचं! आणि मीही गाढव, पुढच्या डब्याकडे बघत बसलो. मागे कोण वाकणार!"

"काखेत कळसा," ओल्हा समाधानाने म्हणाली, "आणि गावाला केवढ्याचा वळसा! नेस्टर, तूच घ्या घ्या म्हणत होतास ना?"

नेस्टर गालिच्याकडे बघत होता, जणू त्याने गालिच्याला सगळं शिकवलं होतं आणि तोच फितूर निघाला.

वायर फिरवायला कितीसा वेळ लागतो. ओरेस्ट गुडघे झटकत उठला, सुई उचलून गाण्याच्या सुरुवातीला धरली, आणि मग एकाएकी थांबला. "स्टेफा, इकडे ये. बस."

"कुठे?"

"इथे."

तो मधल्या खुर्चीकडे बोट दाखवत होता. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. या खुर्चीत बसायचं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं; ती नेहमी जिन्यातून ऐकायची, हातात काहीतरी घेऊन. ती अवघडून टेकली, कडेला, पाहुण्यासारखी. त्याने सुई ठेवली.

गायकवृंद आला, डावीकडून, उजवीकडून. मग सगळे थांबले. आणि समोर, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे भिंत आणि जुनं कॅलेंडर याशिवाय काही नव्हतं, तिथे एक पोरगी उभी राहून गायला लागली. स्टेफानियाला तिचा श्वास ऐकू आला. पाय थरथरत होते तेही कळलं, कारण तिसऱ्या शब्दावर सूर हलतो. किती तरणी होती ती, आणि किती घाबरलेली, आणि तरी गात होती! स्टेफानियाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"दुसऱ्या ओळीला चढलीस तू," ओल्हा कुजबुजली. "तेव्हाही सांगितलं होतं."

"ताई, गप्प बस," ओरेस्ट म्हणाला.

गाणं संपलं. ओरेस्टने एक काळा घेवडा, 'नाही'चा, ओल्हाच्या मांडीवरच्या वाडग्यात टाकला.  नेस्टर नवा डबा खोक्यात भरायला लागला, आणि रोक्सा त्याला वायरी गुंडाळून देऊ लागली, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच न भांडता.

ओरेस्टने सुई पुन्हा त्याच गाण्यावर नेली. "ऊठ आता," तो बायकोला म्हणाला, "माझी पाळी. अख्खा हिवाळा थांबलोय मी."

स्टेफानियाने पाठ खुर्चीला नीट टेकवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "आणि कुणीतरी तो पंप लावा रे आधी, गालिचा ओला होतोय."